ब्रेकिंग बॅड : त्या रात्री वॉल्टर हात मागे का घेतो?

रातराणी
(रहस्यभेद आहेत, ढिगाने. मालिका पाहिली नसेल तर इथूनच मागे फिरा.)

अमेरिकन मालिका. कॅन्सर झालेला रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर आणि त्याचा जुना विद्यार्थी जेसी मेथ नावाचं ड्रग बनवून विकतात. मी दुसऱ्यांदा बघतेय, नवरा पहिल्यांदा. परवा रात्री साडेबाराला आमचं यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि अजून धुसफुस चालू आहे, म्हणून इथे पंचायत बसवतेय.

प्रसंग दुसऱ्या सीझनच्या शेवटून दुसऱ्या भागातला. जेसी आणि त्याची मैत्रीण जेन नशेत गाढ झोपलेत. वॉल्टर मागच्या दाराने आत येतो, जेसीला गदागदा हलवतो. त्या हलवाहलवीत कुशीवर झोपलेली जेन उताणी होते. मग तिला उलटी होते, ती गुदमरायला लागते. वॉल्टर धावतो, हात पुढे करतो आणि थांबतो. उभा राहून बघतो. रडतोसुद्धा. ती मरते.

नवऱ्याचं म्हणणं : "त्याने मारलं कुठे? तो फक्त मध्ये पडला नाही." माझं म्हणणं : मारलंच. पण खरं भांडण त्यापुढचं. नवरा म्हणतो, जेसीला त्या नशेतून वाचवायला आणि घरच्यांच्या जिवाला धोका नको म्हणून वॉल्टर थांबला. मला ते पटत नाही, पण मग का थांबला हे मला नीट सांगताही येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

उगाचच
साडेबाराला झालेल्या भांडणात चूक नवऱ्याचीच असते. मालिका पाहिलेली नाही.

तांबडा_पांढरा
अवो ताई, सरळ हिशेब आहे. त्या पोरीनं फोन करून दम दिलता. जेसीच्या वाट्याचे ४,८०,००० डॉलर टाक, नाहीतर तुझं बिंग फोडते. उद्या पोलिसात गेली असती तर? घरात दहा दिवसांचं पण नसलेलं बाळ. मेव्हणा हँक ड्रग्जवाल्यांना पकडणारा. वॉल्टरच्या जागी मी असतो तर मी पण... बरं, थांबलो नसतो, पण विचार केला असता थोडा.

मुळाक्षर
तांबडा_पांढरा, एक गोष्ट विसरताय. पैसे त्याच संध्याकाळी देऊन झाले होते. तो स्वतः बॅग घेऊन दारात गेला होता. जेन आणि जेसी न्यूझीलंडला पळून जायच्या गप्पा मारत होते. म्हणजे धमकीचं काम झालं होतं.

तांबडा_पांढरा
एकदा पैसे दिले की धमकी संपते असं वाटणारा माणूस मी आजच बघितला. तुमच्याकडं खंडणी एकदाच मागतात वाटतं 😄

मुळाक्षर
आमच्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स मागतात. तो कधीच संपत नाही, हे मान्य.

बाळंतविडा
रातराणी, हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी लेक तीन महिन्यांची होती. त्यामुळे एक गोष्ट लक्षात राहिली, जी माझ्या भावाला तीनदा बघूनही दिसली नव्हती. याच भागात आधी वॉल्टर आपल्या छोट्या लेकीला, हॉलीला, कुशीवर झोपवतो. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी, म्हणजे दूध वर आलं तर घशात अडकू नये. आणि जेनसुद्धा जेसीला नशा टोचून देते तेव्हा कुशीवर झोपायला सांगते. म्हणजे उताणं झोपलेल्या माणसाला उलटी झाली तर काय होतं हे त्या माणसाला त्याच दिवशी पक्कं माहीत होतं. "गोंधळला, सुचलं नाही" ही पळवाट लेखकांनी स्वतःच बंद केलीय.

आणि ती उताणी झाली त्याच्याच हाताने, हे रातराणीने लिहिलंच आहे. तुमच्या मिस्टरांना एवढंच विचारा की हे "मध्ये न पडणं" कसं?

रातराणी
बाळंतविडा, दंडवत! टॉवेल माझ्याही नजरेतून सुटला होता. आज रात्री पुन्हा लावते.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ लोक इतकं डोकं लावून राह्यले. मूळ मुद्दा मेथचा आहे. आमच्या आईला सांगितलं "मास्तर मेथ बनवतो", तर म्हणे, "मग त्यात काय, मीही बनवते, दाणे घालून."

परीक्षानळी
वऱ्हाडी_ठेचा 😂😂

अवांतर : शुद्ध माल निळा नसतो, रंगहीन असतो. निळा रंग गोष्टीसाठी दिलाय, म्हणजे वॉल्टरची "सही" दुरून ओळखू यावी. चित्रीकरणात निळी खडीसाखर वापरायचे. आणि वॉल्टर धंद्यात लावतो ते हायझेनबर्ग हे नाव अनिश्चिततेचं तत्त्व (१९२७) मांडणाऱ्या शास्त्रज्ञावरून घेतलेलं, हे बहुतेकांना माहीत असेलच. स्थान नेमकं कळलं की वेग नेमका कळत नाही. वॉल्टरचा हेतू तपासायला बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उगाचच
रसायनशास्त्रात चाळीस मार्क मिळालेल्यांनी धाग्यात थांबावं की जावं?

हडसनकाठचा
थोडा वेगळा मुद्दा. मी इथे अमेरिकेत वीस वर्षं आहे. मला ही मालिका मुळात आरोग्यविम्याची गोष्ट वाटते. वर्षाला ४३,७०० डॉलर कमावणारा शाळामास्तर. हा आकडा तो स्वतः सांगतो, दुसऱ्या सीझनमध्ये, हॉस्पिटलातल्या मानसोपचारतज्ज्ञाला. शाळा सुटली की गाड्या धुण्याच्या दुकानात नोकरी, आणि तिथे स्वतःच्याच विद्यार्थ्याची गाडी पुसतो. त्यात फुप्फुसाचा कॅन्सर. चांगला डॉक्टर विम्यात बसत नाही. या देशात अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही. ७,३७,००० डॉलरचा हिशेब आठवा. दोन मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, दहा वर्षं महिन्याला दोन हजार घरखर्च. बेरीज करून बघा, बरोबर येते. हा लोभी माणसाचा हिशेब नाही, कारकुनाचा आहे.

जुना_फळा
हडसनकाठचा, हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. पेपर तपासायची सवय आहे, राग मानू नका.

पहिल्या सीझनचा पाचवा भाग पुन्हा पाहा. जुना मित्र एलियट त्याला नोकरी देऊ करतो, विमा त्यातच आला. हा नाही म्हणतो. मग एलियटची बायको ग्रेचन फोन करून सगळा खर्च उचलते म्हणते. तिलाही नाही म्हणतो, वर घरी बायकोला खोटं सांगतो की त्यांनीच पैसे दिले. आणि जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो, "बनवायचं का?" पैशाची गरज त्या दिवशी संपली होती. उरलेले सत्तावन्न भाग कसले आहेत मग?

मी स्वतः ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून हा भाग मला जड जातो. निवृत्तीनंतर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने घरी येऊन त्याच्या क्लासमध्ये शिकवायला बोलावलं. पैसे चांगले होते आणि मुलगा मनापासून बोलत होता. दहावीला त्याला रासायनिक समीकरणांचा तोल साधत नव्हता. मी नाही म्हणालो. कारण सांगितलं गुडघ्याचं. गुडघा ठीक होता. बायको पंधरा दिवस धड बोलली नाही, कारण तेव्हा घराला रंग काढायचा होता आणि पैसे कमी पडत होते. म्हणजे घरच्यांसाठी काय चांगलं होतं ते मला कळत होतं. तरी नाही म्हणालो.

मेथ बनवायला गेलो नाही, एवढंच. रंग पुढच्या वर्षी काढला.

बाळंतविडा
मास्तर 🙏

तांबडा_पांढरा
सर, तुमचं पटलं. पण ग्रेचन आणि एलियटनं त्याच्या डोक्याचं खाऊनच कंपनी उभी केली ना? तिथं हात पसरायला कुणाला आवडंल?

मुळाक्षर
खाल्लं की नाही हे मालिका शेवटपर्यंत नक्की सांगत नाही, आणि तेच तिचं बळ आहे. आपल्याला फक्त वॉल्टरची बाजू कळते : आपला वाटा ५,००० डॉलरला विकला, काही महिन्यांचं भाडं निघालं. आणि कंपनीची आजची किंमत २१६ कोटी डॉलर. हा आकडा तो दर आठवड्याला बघतो! पाचव्या सीझनमध्ये जेसीला सांगतो आणि लगेच म्हणतो की आपण मेथच्या धंद्यात नाही, पैशाच्याही नाही, साम्राज्याच्या धंद्यात आहोत. शेजाऱ्याने विकलेल्या प्लॉटचा भाव वीस वर्षं विचारत राहणारे काका प्रत्येकाच्या नात्यात असतात. फक्त त्यांना रसायनशास्त्र येत नाही.

दिवेलागण
मला कायम वाल्या कोळी आठवतो. नारद विचारतात, पाप कुणासाठी करतोस? बायकापोरांसाठी. मग जाऊन विचार, ते पापात वाटा घेतील का? घरचे म्हणतात, आम्हाला पोसणं तुझं काम, कसं ते तू बघ.

आणि गंमत ऐका. वाल्या प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले होते. वॉल्टर वाळवंटात पैसे पुरतो तेव्हा किती पिंपं असतात? सात! आठ कोटी डॉलर. त्यातलं एकच त्याच्या हाती उरतं.

उगाचच
दिवेलागण, हे वाचून मी मालिका बघायला घेतली. आता दोष तुमचा.

परीक्षानळी
साताचा योगायोग भारी. पण गोष्ट उलटी आहे. वाल्याला घरच्यांनी "नाही" म्हटलं आणि तो बदलला. वॉल्टरला त्याच्या बायकोने, स्कायलरने, किती वेळा नाही म्हटलं, तो बदलला का? मुलाने तोंडावर सांगितलं, तरी नाही.

सोलकढी_प्लीज
स्कायलरचा विषय निघालाच आहे तर माझं मत मांडते, मग खुशाल तुटून पडा. ती बाई मला आवडत नाही. पापात वाटा नको म्हणते आणि गाड्या धुण्याचं दुकान घेऊन काळ्याचे पांढरे कोण करतं? तिच्या साहेबाचा, टेडचा, टॅक्स भरायला नवऱ्याचे सहा लाखांवर डॉलर कुणी दिले? आणि त्यामुळे नेमक्या वेळी घरात पैसे नाहीत! वॉल्टर त्या तळघरातल्या मातीत पडून वेड्यासारखा हसतो, त्याला कारण ती.

बाळंतविडा
सोलकढी_प्लीज, तुटून पडत नाही, एक विचारते. तो तळघरात हसला याला कारण ती, आणि सीझनभर तिच्या पोटातल्या बाळासकट ती खोटं ऐकत राहिली याला कारण कोण? ती पैसे धुवायला लागली कारण सगळं उघडं पडलं तर हँकची नोकरी, मुलांचं नाव, सगळंच जाणार होतं. खड्ड्यात ढकललेल्या बाईचे पाय चिखलाचे म्हणून नावं ठेवताय.

रातराणी
याला अनुमोदन. स्कायलरचं काम करणाऱ्या ॲना गनला या द्वेषाचा इतका त्रास झाला की तिने ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. लोक पात्राचा राग नटीवर काढत होते. माणसं मारणारा, ॲसिडात प्रेतं विरघळवणारा वॉल्टर "कूल", आणि "घरी कधी येणार?" विचारणारी बायको कटकटी. भूमिकेसाठी तिला २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं एमी पुरस्कार मिळाला, हे बरं झालं.

सोलकढी_प्लीज
लेखाचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण सिगरेट ओढते ती, गरोदरपणात! ते तरी?

बाळंतविडा
ते चूकच. मी तिला साध्वी म्हणतच नाहीये. जलतरण तलावात उतरते तो भाग आठवा, वॉल्टरचा एक्कावन्नावा वाढदिवस. कशाची वाट बघतेस विचारल्यावर सांगते, कॅन्सर परत येण्याची. असं वाक्य कुठल्या मराठी मालिकेत नायिकेच्या तोंडी येईल का? आमच्याकडे वाईट बाई ओळखायला भुवई पुरते.

वऱ्हाडी_ठेचा
आणि मागे ढँ ढँ ढँ, तीन वेळा चेहरा, मग जाहिरात.

हडसनकाठचा
अवांतर. आम्ही अल्बुकर्कीला गेलो होतो. वॉल्टरचं म्हणून दाखवलेलं घर खरं आहे, तिथे तेव्हा माणसं राहायची. त्याने छपरावर पिझ्झा फेकला म्हणून लोक जाऊन खरे पिझ्झे फेकायचे. शेवटी मालिकेचा कर्ता गिलिगन, त्याला २०१५ मध्ये जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, असं करू नका. आता कुंपण घातलंय. आम्ही रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, पिझ्झा?" म्हटलं, तुझ्या आज्जीला कळलं अन्न फेकलं तर.

जुना_फळा सर, पाचव्या भागाचा मुद्दा मान्य. मागे घेतो. अर्धा.

खजूर_आणि_खारीक
बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिलाच प्रतिसाद. मोठा होईल, सांभाळून घ्या.

माझे बाबा चौदा वर्षं मस्कतला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. माझी मुंज, ताईची दहावी, आजीचं जाणं, कशालाच नव्हते. विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं." खरंही होतं. घर झालं, ताईचं लग्न झालं, मी शिकलो. म्हणून त्यावर बोलायची सोय नव्हती.

परत आले आणि दोन वर्षं घरात गप्प बसून राहिले. आम्हाला वाटलं तब्येत. एकदा रात्री गॅलरीत मला म्हणाले, "तिकडे मी आत आलो की साइटवरची माणसं उठून उभी राहायची." बस, एवढंच. गावात ते कुणाचे तरी धाकटे भाऊ होते, कधी कुणी उठून उभं राहिलं नव्हतं.

शेवटच्या भागात वॉल्टर स्कायलरला स्वयंपाकघरात सांगतो ना, मी ते माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं, मला ते जमत होतं, तेव्हा मी थांबवून उठलो. बाबांनी गुन्हा केला नाही, वॉल्टरशी तुलना करायची नाहीये. पण ते वाक्य कुणीतरी मोठ्याने म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो ते तेव्हा कळलं. स्कायलरचा चेहरा बघा त्या क्षणी. ती रागावत नाही. तिला बरं वाटतं.

दिवेलागण
खजूर_आणि_खारीक, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

जुना_फळा
यावर काही लिहिण्यासारखं नाही. वाचलं, परत वाचलं.

तांबडा_पांढरा
दोस्ता, डोळ्यात पाणी आणलंस ऑफिसात. मॅनेजर बघतोय.

परीक्षानळी
या प्रतिसादाचा धागा धरून मूळ प्रश्नाकडे वळतो. त्याच जेनच्या भागात अजून एक गोष्ट आहे. वॉल्टर तान्ह्या हॉलीला गॅरेजमध्ये नेतो, भिंतीमागे लपवलेल्या नोटा दाखवतो. बघ, बाबांनी तुझ्यासाठी काय केलं. दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही, म्हणून जिला डोळेही नीट उघडता येत नाहीत तिला दाखवतो. त्याच वेळी मुलगा वडिलांच्या उपचारासाठी देणग्या मागणारी वेबसाइट काढतो, आणि घरातले सगळे त्या लेकराचं कौतुक करतात. पुढे त्या देणग्यांच्या नावाने येतो तो पैसा त्याचाच, नाव परक्यांचं. मुलीचा जन्म झाला तेव्हाही हा माल पोचवत होता. त्या दिवसभरात कुणी उठून उभं राहिलं नाही त्याच्यासाठी.

आणि जेन काय करते? ती त्याला फोनवर तो आरोपी असल्यासारखं बोलते. जेसी तिचं ऐकतो, त्याचं नाही. मला वाटतं वॉल्टर तिथे धोका टाळायला थांबत नाही, जेसी परत मिळतोय म्हणून थांबतो. त्याला "मिस्टर व्हाइट" म्हणणारा, त्याची करामत समजणारा जगात तो एकटाच आहे.

मुळाक्षर
हे पटतंय. पुढचं सगळं बघा ना. जेसीचं ज्याच्यावर प्रेम, ते ते वॉल्टर तोडतो. चौथ्या सीझनमध्ये जेसीच्या नव्या मैत्रिणीच्या लहानग्या मुलाला, ब्रॉकला, विषबाधा घडवतो, कशासाठी? जेसीने आपल्या बाजूला यावं म्हणून! पोराला मरणाच्या दारात नेऊन आणलं आणि म्हणे कुटुंब.

रातराणी
पण मग तो रडतो का? नवरा याच मुद्द्यावर अडून बसलाय. नुसता मालक-नोकर हिशेब असता तर रडला नसता.

दिवेलागण
वॉल्टरचं काम करणाऱ्या क्रॅन्स्टनने आत्मचरित्रात लिहिलंय की तो प्रसंग करताना त्याला एका क्षणी जेनच्या जागी स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला. शॉट संपल्यावर तो कोलमडला. म्हणजे ते रडणं नटाचं किती आणि वॉल्टरचं किती, देव जाणे.

आणि गिलिगनने मुलाखतींत सांगितलंय की सुरुवातीच्या कल्पनेत वॉल्टर स्वतःच तिला आणखी टोचतो असं होतं. ते फार होतंय म्हणून बदललं. माझ्या मते बदलल्यावर ते जास्त भयानक झालं. टोचलं असतं तर आपण त्याला खुनी म्हणून मोकळे झालो असतो, हा धागा निघालाच नसता.

जुना_फळा
रडण्याविषयी. तिसऱ्या सीझनमधला माशीचा भाग पाहा. झोपेच्या गोळीच्या अमलाखाली तो जेसीला सांगत असतो की मी मरायला हवा होतो ती वेळ निघून गेली. कोणती वेळ? तीच रात्र. घरी बायको पाळण्यापाशी गाणं म्हणत होती, यंत्रातून आवाज येत होता, तेव्हा. त्यानंतर घराबाहेर पडलो, म्हणतो. म्हणजे जेनच्या पलंगाशी पोचण्याआधीचा क्षण त्याने मनात ठेवलाय. रडला त्याचं कारण त्याला कळलं होतं. पुढे वाळवंटात जेसीला तेच कबूल करतो, पण तेव्हा त्याला दुखवायला. त्याच घटनेचे दोन कबुलीजबाब, एक पश्चात्तापाचा अर्धवट राहिलेला आणि एक सूड म्हणून पुरा केलेला.

हडसनकाठचा
आणि जेनचे वडील! त्याच रात्री बारमध्ये वॉल्टरच्या शेजारी बसलेला तो अनोळखी माणूस त्याला सांगतो की घरच्यांना सोडून द्यायचं नसतं. ते ऐकून हा उठतो आणि जेसीकडे जातो. तोच पुढे विमान नियंत्रणाच्या खुर्चीत चुकतो आणि दोन विमानं धडकतात, १६७ माणसं. "मध्ये पडला नाही" याची किंमत.

सोलकढी_प्लीज
शेवटचे पैसे पण आठवा. ९७ लाख डॉलर मुलापर्यंत पोचवायचे कुणाकरवी? ग्रेचन आणि एलियट! ज्यांचे नाकारले होते, त्यांचाच धर्मादाय म्हणून. मुलाला बापाचं नाव कळणारच नाही. जुना_फळा सर, तुमचा पाचवा भाग इथे वसूल.

उगाचच
मी पहिले तीन भाग पाहिले. बाथटबवाला प्रसंग जेवताना आला. तुम्ही कुणी सांगितलं का नाही?

वऱ्हाडी_ठेचा
वर ॲसिड लिहिलं होतं की भाऊ. वाचत जाय.

रातराणी
काल रात्री दोघांनी पुन्हा पाहिला. टॉवेल आहे, बाळंतविडा. नवऱ्यानेच आधी बघितला आणि काही बोलला नाही. मग तो क्षण आला. हात पुढे जातो, खांद्याजवळ थांबतो, मागे येतो. मी रिमोट दाबून दोनदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, "पुरे. मारलं त्याने." पाच मिनिटांनी, "पण जेसीला तो जीव लावत होता हे तुला मान्य करावं लागेल." केलं मान्य.

तह झाला असं वाटत होतं. मग तो म्हणाला, माशीचा भाग कंटाळवाणा असतो असं ऐकलंय, तो सोडून पुढे जाऊया.

जुना_फळा
त्यांचा नंबर द्या.